सांभाळलेल्या लेकरासाठी लिहून ठेवा

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. विधवेला पूर्ण मालकी, मुलीला मुलाबरोबरीने वाटा आणि २००५ नंतर वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा, हे या कायद्याचे देणे मोठे आहे. पण आई किंवा वडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे नव्या घरात आलेले मूल त्याला आजही दिसत नाही.

बायकोच्या पहिल्या लग्नाचा मुलगा तीन वर्षांचा असताना घरात आला. त्याला शिकवले, आजारपणे काढली, तो ‘बाबा’ म्हणूनच हाक मारतो. हे बाबा मृत्युपत्र न करता गेले, तर सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचे नाव लागेल, धाकट्या बहिणीचे लागेल. त्याचे लागणार नाही. सावत्र आईच्या मिळकतीतही पहिला हक्क तिच्या पोटच्या मुलांचा आणि नवऱ्याचा. सावत्र मुलगा हा तिचा ‘मुलगा’ धरता येत नाही, तो फार तर नवऱ्याचा वारस म्हणून मागून येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच लछमनसिंग विरुद्ध किरपासिंग खटल्यात सांगून ठेवले आहे.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. पुनर्विवाहाचा महाराष्ट्राला रास्त अभिमान आहे. त्या लग्नांतल्या मुलांच्या हक्काचा विचार मात्र तेवढ्या नेटाने झाला नाही.

यातला सर्वांत घातक भाग भाबड्या विश्वासाचा आहे. ‘सगळे हिच्या नावावर करतो, माझ्या मागे ही माझ्या मुलांना अंतर देणार नाही,’ असे म्हणून कितीतरी गृहस्थ घर दुसऱ्या पत्नीला लिहून देतात. ती खरोखरच अंतर देत नाही. पण तीही मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या पोटच्या मुलांना सारे घर मिळते आणि पहिलीची मुले बापाच्या घराला मुकतात. दोष कुणाचाच नसतो, तरी भावंडे कोर्टात उभी राहतात. त्यापेक्षा पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर घर सर्व मुलांना समान, असे स्पष्ट लिहावे. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होतोच असे नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा घरांनी ती जरूर करावी. त्यात सावत्र मुलाचे पूर्ण नाव घाला, ‘माझी मुले’ एवढ्यावर सोडू नका. दत्तक हाही मार्ग आहे, मात्र त्याला जन्मदात्याची संमती लागू शकते आणि मूळ घराशी असलेले कायद्याचे नाते तुटते. गोव्यात मुले असताना मृत्युपत्रानेही आपल्या अर्ध्याच मिळकतीची विल्हेवाट लावता येते, म्हणून तिथे अधिक लवकर सल्ला घ्यावा.

आणि संसदेनेही हात झटकू नयेत. १९५६ च्याच पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक ठरवताना ‘वडील’ आणि ‘आई’ या शब्दांतून सावत्र आईवडिलांना स्पष्टपणे वगळले आहे. लहानपणापासून ज्याला पोटच्यासारखे वाढवले, त्याला वारसांत निदान मर्यादित स्थान देणारी दुरुस्ती आता व्हायला हवी.