कुलपाच्या पोटात काय आहे?

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात एका घरी चोरी झाली. घरातले सगळे लग्नासाठी गावाला गेले होते. परतले तेव्हा मागचं दार उघडं, कपाट रिकामं आणि कुलूप कोयंड्याला तसंच लटकलेलं. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. म्हणजे किल्लीनंच उघडलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसरी किल्ली झाडांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या पोराकडे होती. पोरगं सतरा-अठरा वर्षांचं, बाप नाही. दोन दिवसांत त्याच्याकडे बघायची लोकांची नजर बदलली. पोलिसांनी कुलूप ताब्यात घेतलं आणि त्यालाही दोनदा बोलावलं.

पुढच्या दाराला त्याच खरेदीतलं, अगदी तसंच कुलूप होतं. घरच्यांना विचारून ते मी चौकातल्या चावीवाल्या चाचांकडे नेलं. जाड, जड, चकचकीत. डब्यावर ठळक अक्षरांत 'हाय सिक्युरिटी'. चाचांनी आपल्या जुडग्यातल्या किल्ल्या एकेक लावून पाहिल्या. चौथ्या किल्लीला कुलूप उघडलं. ती किल्ली भलत्याच घराची होती. मग त्यांनी कुलूप फोडून आतला भाग दाखवला. तीन पातळ पट्ट्या, त्यांच्या स्प्रिंगा, बाकी पोकळी. चाचा म्हणाले, "बेटा, वजन नुसतं बाहेरच्या लोखंडाचं आहे."

या पट्ट्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचे दात प्रत्येक लिव्हरला ठरावीक उंचीवर उचलतात. सगळे नेमके जुळले की खटका सरकतो. हिशेब सोपा आहे. तीन लिव्हर आणि प्रत्येकाच्या चार उंची धरल्या, तर फार तर ६४ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. आठ लिव्हर असतील तर ६५,५३६. त्यात बनावट ढिली असली की जवळपासची किल्लीही चालून जाते. म्हणून कुलपाची खरी ओळख पोटात असते, डब्यावर नाही.

जगातली नावाजलेली कुलपं त्यांच्या आतल्या भागांवरूनच ओळखली जातात. नेहमीच्या दाराच्या कुलपात स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना असतात. किल्लीनं त्या योग्य उंचीवर आल्या की कुलूप फिरतं. या पिना साध्या दांडीसारख्या न दिसता मधे बारीक, दोऱ्याच्या रिळासारख्या दिसल्या, तर कारागिरानं तारेनं उघडणाऱ्याचा विचार केला आहे, हे समजावं. अमेरिकेच्या मेडेको कुलपातल्या पिनांची टोकं तिरपी असतात. त्या नुसत्या उचलून भागत नाही, ठरावीक कोनात वळवाव्याही लागतात. तेव्हाच बाजूची एक पट्टी आत सरकते. इस्रायलच्या मल्टी-लॉकमध्ये पिनेच्या आत दुसरी पिन असते. फिनलंडच्या अब्लॉय कुलपाची कल्पना १९०७ सालची. त्यात पिनाही नाहीत आणि स्प्रिंगाही नाहीत, फक्त फिरणाऱ्या चकत्यांची चळत. शिवाय चांगल्या कुलपात ड्रिल अडवायला कडक पोलादाचे तुकडे बसवलेले असतात.

यावर हमखास एक आक्षेप येतो: असं उघड लिहिलं तर चोर शिकतील. हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. लंडनमध्ये १८५१ साली मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला तिथं आला. इंग्रजांना चब आणि ब्रामा या दोन कुलपांचा फार अभिमान होता. चबचं कुलूप १८१८ सालचं. कोणी छेडछाड केली की ते अडकून बसे आणि मालकाला इशारा मिळे. हॉब्जनं ते साधारण पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या दुकानात तर कित्येक वर्षं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी देऊ, असा फलक होता. तेही त्यानं १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलं. मोठा गहजब झाला. हॉब्जचं म्हणणं असं होतं की चोरांना आपला धंदा आधीच ठाऊक असतो. दोष लपवल्यानं अंधारात राहतो तो गिऱ्हाईक. पुढं कुलपं सुधारली, ती या उघडेपणामुळेच.

आपल्याकडे तर हा उघडेपणा त्याहून जुना आहे. अल-जझरी यांनी १२०६ सालच्या आपल्या यंत्रांवरच्या ग्रंथात चार तबकड्यांच्या कुलपाची रचना आकृतीसकट मांडली. ज्ञान लपवून सुरक्षा मिळते, असं त्यांना वाटलं नसावं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुलूप विकणाऱ्यानं आत काय आहे ते डब्यावर स्पष्ट छापावं: लिव्हर किती, की पिना, किती वेगवेगळ्या किल्ल्या बनतात, ड्रिलपासून बचाव आहे का. दुकानदारानं एखादं कापलेलं कुलूप समोर ठेवावं. आपणही 'मजबूत आहे ना?' एवढ्यावर न थांबता 'आत काय आहे?' असं विचारावं. एकाच खोक्यातली दोन कुलपं घेतली, तर एकाची किल्ली दुसऱ्याला लावून पाहावी. याला पैसा लागत नाही. आणि कोयंडा चार साध्या स्क्रूंवर टांगलेला असेल, तर महागडं कुलूप लावून उपयोग नाही, हेही ध्यानात ठेवावं.

आम्ही चौघं ते फोडलेलं कुलूप आणि ती चौथी किल्ली घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी स्वतः किल्ल्या लावून पाहिल्या त्या ताब्यातल्या कुलपाला. तेही उघडलं. चोर अजून सापडलेला नाही. ते कुलूप कोणी उघडलं हे आम्हालाही माहीत नाही. पण दुसरी किल्ली ज्याच्याकडे, तोच चोर, हे म्हणणं टिकलं नाही. त्या पोराला पुन्हा बोलावणं आलं नाही. झाडांना पाणी घालायला मात्र तो आता येत नाही. परवा त्याच्या अम्मी भेटल्या. म्हणाल्या, "आता तो कुणाच्याच घराची किल्ली घ्यायला तयार नाही."