गोष्टीचं स्टिअरिंग कुणाच्या हातात?

२०२०चा लॉकडाऊन. अकरावीचं ऑनलाइन लेक्चर म्यूट करून आम्ही सहा जण डिस्कॉर्डवर एक किल्ला लढवत होतो. किल्ला काल्पनिक, पण सह्याद्रीतला. खाली शत्रूचा वेढा, वर धान्य जेमतेम पंधरा दिवसांचं. मी हेर होते. एक जण किल्लेदार, एक जण वैद्य, एक जण वेढ्यात नेमका अडकलेला घोड्यांचा व्यापारी. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडून चार-सहा ओळी लिहायच्या आणि पुढच्याने तिथून धागा उचलायचा.

दुसऱ्या आठवड्यात हेर आणि व्यापारी प्रेमात पडले. तिसऱ्या आठवड्यात वेढ्याची कुणाला आठवणच राहिली नाही. वैद्य आणि किल्लेदार मधूनमधून 'अरे, धान्याचं काय?' असं विचारायचे आणि आम्ही दोघं तटबंदीवर चांदणं बघत असायचो. चौथ्या आठवड्यात मला त्या प्रेमकथेचा कंटाळा आला. खरं सांगायचं तर थोडं अवघडल्यासारखंही व्हायला लागलं. पण मी थांबले असते तर गोष्टच थांबली असती. म्हणून पुढचे वीसेक दिवस मी मनात नसलेले प्रेमाचे संवाद लिहीत राहिले. शेवटी सगळेच गप्प झाले. तो वेढा आजही उठलेला नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे रोलप्लेमधली प्रेमकथा आता फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा विषय राहिलेली नाही. कॅरेक्टर डॉट एआय या कंपनीने २९ ऑक्टोबर २०२५ला जाहीर केलं की, १८ वर्षांखालच्या युजर्सना एआय पात्रांशी मोकळ्या गप्पा मारता येणार नाहीत. २५ नोव्हेंबरपर्यंत ही बंदी पूर्ण अमलात आणायची होती. त्याआधी अमेरिकेत फ्लोरिडातल्या १४ वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली होती. एका गाजलेल्या मालिकेतल्या नायिकेवर बेतलेल्या बॉटशी तो अनेक महिने भावनिक, प्रेमाच्या गप्पा मारत होता, असं सांगत त्याच्या आईने २०२४मध्ये कंपनीवर खटला भरला. बंदीनंतर कंपनीने अल्पवयीनांसमोर ठेवलेला पर्यायही बोलका आहे: पर्याय निवडत पुढे जायच्या, ठरावीक चौकटीतल्या गोष्टी. थोडक्यात, आधी कथानक आणि मग पात्रांची जवळीक.

मग माणसांनी माणसांसोबत रचलेल्या गोष्टीत हा क्रम काय असावा? प्रेम असावं की नसावं, हा प्रश्नच नाही. प्रेमाने गोष्ट चालवावी का, हा प्रश्न आहे.

दोघं जागे, चौघं झोपलेले

रोलप्ले नवीन नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर बसून खेळायचा खेळ १९७४चा. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८मध्ये दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाची, फक्त शब्दांनी बनलेली, एकत्र खेळायची दुनिया उभी केली. आज 'जीटीए'च्या रोलप्ले सर्व्हरवर कुणी पोलीस होतं, कुणी टॅक्सीवाला. हे सर्व्हर ज्या फाइव्हएम यंत्रणेवर चालतात, ती बनवणाऱ्या टीमलाच रॉकस्टारने २०२३मध्ये आपल्यात सामावून घेतलं, यावरून या प्रकाराचं वजन कळावं.

या सगळ्यात प्रेमकथा इतक्या पटकन पुढे का येते? 'या वयात दुसरं सुचतं काय?' हे घरोघरचं उत्तर. मला ते अर्धवट वाटतं. मोठं कारण हिशेबाचं आहे. सहा जणांचा प्रसंग सगळ्यात हळू लिहिणाऱ्याच्या वेगाने सरकतो. एकाची सबमिशन, दुसरीकडे लाइट गेलेली, तिसऱ्याच्या घरी पाहुणे. दोघांच्या प्रसंगाला मात्र फक्त दोघं लागतात. ना लढाईचे नियम, ना नकाशा, ना फासे. रात्री एक वाजता दोघं ऑनलाइन असले की सकाळपर्यंत साठ मेसेज. उरलेले चौघं उठतात तेव्हा गोष्ट त्यांना सोडून पुढे गेलेली असते. प्रेमकथेने गोष्ट ताब्यात घ्यावी असं कुणी ठरवत नाही. जो जागा असतो, गोष्ट त्याची होते.

प्रेमकथेची बाजू

तरीही 'रोमान्स बंद' अशी पाटी लावणं मला पटत नाही. बऱ्याच सर्व्हरवर तशी पाटी असते आणि मग तेच संवाद डीएममध्ये होतात, जिथे कुणाचंच लक्ष नसतं.

शिवाय प्रेमकथा लेखकाला कामाला लावते. तलवार किती फूट लांब आहे हे लिहिणं सोपं, पण रागावलेल्या माणसाला काहीतरी सांगायचंय आणि तो सांगत नाहीये, हे लिहिणं अवघड. आमच्यातल्या दोघींनी एकांकिकांसाठी लिहायला पुढे सुरुवात केली, त्यांचा सराव तिथेच झाला. आणि ज्यांना घरी, कॉलेजात आपल्याला कोण आवडतं हे बोलायचीच सोय नाही, त्यांच्यासाठी पात्राच्या आडून बोलून बघणं ही साधी गोष्ट नाही. 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३चा गाजलेला गेम बघा. त्यात सोबत्यांशी प्रेम जमवता येतं आणि गेमर्स त्यावर तासन्तास बोलतात. पण डोक्यात शिरलेल्या अळीचं काय करायचं, हे मूळ संकट जागेवरच राहतं. प्रेम जमलं नाही तरी गेम पुढे जातो.

सगळा मुद्दा इथेच आहे. गेममध्ये नकार दिला तर काही बिघडत नाही. आमच्या किल्ल्यावर सगळंच बिघडलं असतं.

नकाराची किंमत

प्रेम हेच कथानक असेल तेव्हा त्यातून बाहेर पडणारा माणूस सगळ्यांची गोष्ट मोडतो. मग 'मला हे लिहायचं नाहीये' हे वाक्य महाग होतं. ते बहुतेक वेळा मुलींना जास्त महाग पडतं, कारण 'एवढं काय मनावर घेतेस, पात्रच तर आहे' हे उत्तर तयार असतं. उलट वेढा, खून, खजिना, निवडणूक असं काहीही गोष्टीच्या मध्यभागी असेल, तर दोन पात्रांचं फिसकटलं तरी बाकीच्यांना काम उरतं. नाही म्हणणारीलाही दुसऱ्या प्रसंगात जागा मिळते.

पात्राची भावना लिहिणाऱ्यात झिरपते, त्याला रोलप्लेवाले 'ब्लीड' म्हणतात. ती उलटही झिरपते. पात्र रुसलं की माणूसही रुसतो, माणसाला कुणी आवडलं की पात्राचे संवाद अचानक गोड होतात. हे वाईटच असतं असं नाही. पण आपण ज्याच्याशी लिहितोय तो कोण, किती वर्षांचा, हे अनेकदा माहीत नसतं. पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि लैंगिक हेतूने केलेला ऑनलाइन संपर्कही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. प्रोफाइलमध्ये पात्राचं वय २५ लिहिलं म्हणून लिहिणारीचं वय बदलत नाही.

एआयचा धडा इथे पुन्हा लागू होतो. बॉटला झोप येत नाही, कंटाळा येत नाही, 'आज नको' असं तो स्वतःहून सहसा म्हणत नाही. गोष्ट आपण ओढू तिकडे जाते. तिथे रुळलेला माणूस ग्रुपमध्ये येतो तेव्हा समोरच्याचा उशिरा आलेला रिप्लायही त्याला अपमान वाटू शकतो. म्हणूनच माणसांच्या गोष्टीला चौकट जास्त लागते.

आधी आख्यान ठरू दे

ही चौकट आपल्याला परकी नाही. तळकोकणातल्या दशावतारात नटांच्या हातात पाठ करायची संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे सुचतात. शृंगार असतो, विनोद असतो, पण कथा कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका राजाचं दुसऱ्या नटाशी पटलं नाही म्हणून युद्ध रद्द होत नाही. आणि प्रयोग संपला की रंग उतरतो. आमचा रंग उतरायची वेळच ठरलेली नव्हती.

टेबलटॉप खेळणाऱ्यांनी यावर सोप्या युक्त्या शोधल्यात. खेळ सुरू व्हायच्या आधी 'सेशन झीरो' म्हणून एक बैठक होते. गोष्टीत काय चालेल, काय अजिबात नको, कुठे दार लावून पुढच्या प्रसंगावर जायचं, हे आधीच ठरतं. जॉन स्टॅव्हरोपोलस या गेम डिझायनरने आणलेलं 'एक्स-कार्ड' तर अगदी साधं आहे. टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं, कुणीही त्याला हात लावला की तो भाग बदलायचा किंवा गाळायचा. कारण विचारायचं नाही. चॅटमध्ये त्यासाठी एक फुली टाइप केली तरी पुरते.

यात मी माझे दोन नियम घालेन. प्रेमाचा प्रसंग ग्रुपच्या चॅनलवरच लिहायचा, डीएममध्ये नाही. आणि दोघांनी रात्रीत गोष्ट कितीही पुढे नेली तरी मुख्य संकट सगळे असतानाच सरकवायचं. अल्पवयीन कुणी ग्रुपमध्ये असेल, तर रोमान्स हा विषयच बाजूला.

गेल्या महिन्यात आमच्यातल्या वैद्याने जुन्या सर्व्हरवर मेसेज टाकला, 'किल्ला परत सुरू करूया का?' आता आम्ही सगळे बावीस-तेवीसचे. मी हो म्हटलं, पण आधी सेशन झीरो घेऊ असंही लिहिलं. व्यापाऱ्याने थोड्या वेळाने रिप्लाय केला की, त्यालाही तेव्हा थांबायचं होतं, पण माझी गोष्ट मोडेल म्हणून तो लिहीत राहिला होता.