आधी पाणी, मग पावती

दंडाची पावती फाडल्याशिवाय आपले लोक सुधारत नाहीत, असा सिद्धान्त सध्या पाचोडच्या टपऱ्यांपासून वर्तमानपत्री रकान्यांपर्यंत जोरात आहे. सिद्धान्तकार शिकलेसवरलेले, एकदा सिंगापूर पाहून आलेले. त्यांचं म्हणणं असं : लोक मुळातच घाणेरडे, शहरात थुंकणाऱ्याला पकडतात तशी पथकं गावोगावी फिरवा, हातात पावती पडली की संस्कार आपोआप. संस्कार इतके स्वस्तात मिळतात हे आधी कळलं असतं, तर शाळांचा खर्च वाचला असता!

पथकं फिरून झालीत, महाराज. ‘गुड मॉर्निंग पथक’ विसरलात? भल्या पहाटे टमरेल घेऊन निघालेल्याला शिट्टी वाजवून उठवायचं. कुठे गुलाबाचं फूल, कुठे १२०० रुपयांपर्यंत दंड. २०१८ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०३ रुपये होती. म्हणजे एका पहाटेपायी जवळजवळ सहा दिवसांची कमाई गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य हागणदारीमुक्त जाहीर झालं, आणि त्याच वर्षी मराठवाड्यात पावसाने दडी मारली. बारा हजारांच्या अनुदानातले संडास मग सरपण नि कडबा ठेवायच्या कामी आले. टँकरपुढे घागरींची रांग लावलेली बाई एक बादली संडासात ओतेल की दावणीच्या गाईपुढे ठेवेल, हे सिंगापुरातून दिसत नाही.

दंड करणाऱ्यांचं काय, हा माझा खरा प्रश्न. आपल्याच जिल्ह्याच्या शहराने वर्षानुवर्षं कचरा शेजारच्या नारेगावात नेऊन ओतला. डोंगर झाला, तो धुमसायचा, भोवतालच्या वस्त्यांच्या विहिरी नासल्या. ओला-सुका वेगळा करायचा नियम २०१६ सालचा. तरी गाड्या आपल्या सगळं एकत्र कोंबून चालल्या होत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी रस्ता अडवला तेव्हा कुठे शहराला नाक फुटलं. मग तोच कचरा दुसऱ्याच्या दारात टाकायची धावपळ. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या. एवढा कचरा उघड्यावर टाकल्याबद्दल कुणाच्या नावाने, किती रुपयांची पावती फाटली? आणि पिचकारी मारणारा मात्र गुन्हेगार!

हेल्मेटसक्तीच्या वेळीही या सिद्धान्तकार मंडळींनी हाच राग आळवला होता. तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यांचं नाव काढलं की चिडायचे. सक्तीचा धडा तर जुनाच आहे : १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोजीर रोगी शोधायला घरात शिरू लागले, तर लोक रोगी लपवायला लागले. दंडुक्याने साथ आटोक्यात येते म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी वाचावं. शिवाय पावती हातगाडीवाल्याची फाटते, मंगल कार्यालयाची नाही.

मग करायचं काय? पाचोडला मोसंबीचा बाजार भरतो. लांबून आलेला शेतकरी सौद्यासाठी तासन्‌तास थांबतो, सडका माल बाजूला पडतो, त्यावर माशा घोंगावतात. तिथे नळाला पाणी असलेलं शौचालय, बायकांसाठी आतून कडी लागणारं वेगळं, सडक्या मोसंबीसाठी खताचे खड्डे आणि ठरल्या वेळी येणारी घंटागाडी हवी. दंड नकोच असं मी म्हणत नाही. पण हे सगळं उभं राहीपर्यंत दर महिन्याची पहिली पावती कारभाऱ्यांच्या नावाने फाडा, रक्कमही त्यांच्याच भत्त्यातून कापा. टमरेलवाल्याकडे त्यानंतर या.