ई-बाईकवरच्या पोरांचा दंड कोणी भरायचा?

ई-बाईकवरून पार्सल पोचवणारी पोरं सिग्नल तोडतात, उलट दिशेने येतात, ही तक्रार खोटी नाही. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसेही त्यांना बिचकतात, कारण या गाडीला आवाजच नसतो. पण 'पकडा यांना, गाड्या जप्त करा' एवढेच ज्यांना सुचते त्यांना आमचा प्रश्न आहे. कायदा नेमका काय म्हणतो, हे आपण पाहिले आहे काय?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार बॅटरीवरच्या ज्या दुचाकीची मोटार 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, ती 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणून तिला नंबरप्लेट नाही, लायसन्स लागत नाही, विम्याची सक्ती नाही. ही सवलत काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. आरटीओच्या दारात एजंटाला पैसे मोजलेल्या गरिबालाच तिची किंमत कळेल.

गोम पुढे आहे. कंट्रोलर बदलून 25 ची गाडी 45 ने पळवून देणारे दुकानदार आहेत. ब्रेक आणि टायर मात्र जुन्या वेगाचेच राहतात. त्या क्षणी ती गाडी कायद्याने मोटार वाहन होते आणि पोरगा विनानोंदणी, विनालायसन्स, विनाविमा गुन्हेगार ठरतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 182-अ आले. नियमबाह्य गाडी विकणाऱ्या उत्पादकाला वा विक्रेत्याला दर गाडीमागे एक लाख दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मोठा दोषी कोण, हे संसदेने ठरवून ठेवले आहे. चौकात अडवला जातो तो मात्र पोरगाच. दुकानाचे शटर उघडेच!

आणि धक्का कोणाला लागतो? पहाटे पायी घरकामाला निघालेल्या बाईला. गाडी 25 च्या आतली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार तिला बंद, कारण ते 'मोटार वाहन' नव्हेच. विमा कंपनी नाही. मग दिवाणी कोर्टात तिने दावा लावायचा तो ज्याच्या खिशात काही नाही अशा पोरावर.

बॅटरीचे तेच. 2022 मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा केंद्राने चाचण्या कडक केल्या. पण गल्लीत सेल जोडून दिलेली स्वस्त बॅटरी कोणत्याच चाचणीला बसलेली नसते. ती रात्री दहा बाय दहाच्या खोलीत, झोपलेल्या लेकरांशेजारी चार्ज होते.

वेग वाढवायची हौस कुठून येते, तेही बघू. दहा मिनिटांत माल आणि ऑर्डरमागे पैसे. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना 1946 च्या कायद्याने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. आज या पोरांना कामगार नव्हे, 'पार्टनर' म्हणतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हे नाव आले, पण कामाचे तास त्यात कुठेही नाहीत.

तेव्हा शिस्त जरूर लावा. सुरुवात कंट्रोलर बदलणाऱ्या दुकानापासून करा. आणि पोराच्या पाठीवर जिच्या नावाची पिशवी आहे त्या कंपनीवर विम्याची सक्ती करा, त्याचा आणि त्याच्या गाडीखाली येणाऱ्याचाही. हप्ता कंपनीने भरायचा, पोराच्या कमाईतून कापायचा नाही.