गोष्ट पोराची, हात बापाचे

मंडळी, आजचा शनिवार जरा भांडणासाठी.

चित्रांचं पुस्तक वाचायचं आणि मग त्यावर हाताने काहीतरी करायचं, ही कल्पना झकास आहे. पण आपण शहरातल्या पगारदार आईबापांनी तिचं जे काय करून ठेवलंय ते बघवत नाही. सुरवंटाची गोष्ट वाचली की लगेच सुरवंटाचं किट. सगळे गोल आधीच कापलेले, डोळे कुठे चिकटवायचे तिथे ठिपके. पोरगं चार वर्षांचं. त्याने डोळा वाकडा लावला की बाबा हळूच सरळ करणार, फोटो काढणार, ग्रुपवर टाकणार. प्रोजेक्ट नक्की कुणाचा झाला हा?

ऑफिसात क्लायंटने प्रत्येक बटणाची जागा ठरवून दिली की आपणच कुरकुरतो, "मग आमचं डोकं कशाला पाहिजे?" तेच आपण रविवारी पोराशी करतो. आपल्या हातचं काही 'बरोबर' येत नाही, हे ते चौथ्या वर्षीच शिकतं. दहाव्या वर्षी म्हणतं, मला चित्र येत नाही. पंचविसाव्या वर्षी कुणीतरी स्पेक देईल म्हणून वाट बघत बसतं.

आता पुस्तकं कशी होतात ते बघा. लिओ लिओनी अमेरिकेतल्या एका मोठ्या मासिकाचा कलादिग्दर्शक होता. रेल्वेच्या प्रवासात नातवंडं कंटाळली, म्हणून त्याने हाताशी असलेल्या मासिकाची पानं फाडून निळे-पिवळे गोल केले आणि त्यांचीच गोष्ट रचली. 1959 साली त्याचं पुस्तक झालं. त्यात निळा आणि पिवळा मिठी मारतात नि हिरवे होतात. यावर उद्योग काय? दोन रंग, एक जुनी ताटली, बस्स. हिरवा होतो हे त्याला आपलं आपण सापडू द्या.

"अहो, पण घाण होते!" होते. पुसा.

"आमच्याला रंगच कळत नाहीत." बरं. आमच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. 1910 साली ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत असं निघालं. रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. यंत्रांचं ड्रॉइंग शिकले, शिकवलं आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. तेव्हा हिरवा सूर्य बघून तोंड वाकडं करू नका.

आणि हे परदेशी खूळ वगैरे नाही हो. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय? शिवाजी महाराजांच्या गोष्टी ऐकायच्या आणि दगड, माती, गोणपाट गोळा करून अंगणात गड उभा करायचा. बेंदराला मातीचे बैल करायचे, शिंगं मोडली तर परत लावायची. आता प्लॅस्टरचा तयार किल्ला दुकानात मिळतो. गोष्ट उरली, हात गेले.

करायचं काय, तर फार सोपं आहे. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच आणा. राधाच्या घरातली माणसं आहेत त्यात. दोन-चार दिवस नुसता वाचा. मग पुठ्ठा (आमच्याकडे द्राक्षाच्या पेटीचा, तुमच्याकडे कुरिअरच्या खोक्याचा), कणकेची खळ आणि जुने पेपर समोर ठेवा, आणि आपल्या घरातलं एक माणूस करायला सांगा. नमुना दाखवायचा नाही. "हे काय केलंस?" विचारायचं नाही. "सांग की याची गोष्ट," एवढंच म्हणायचं.

आजीला तीन हात निघाले तर तीनच राहू द्यात. घरात दिवसभर आजी काय काय करते हे त्याने बघितलंय, तुम्ही ऑफिसात होतात.