मामा, टेस्ट चुकली तर?

आमचा भाचा नोकरीसाठी सांगलीहून आला आणि अल नहदातल्या आमच्या फ्लॅटवर उतरला. व्हिसाची मेडिकल झाली, रक्त दिले, छातीचा एक्स-रे निघाला. रात्री जेवताना म्हणतो, "मामा, मला काही नसताना टेस्टने 'आहे' म्हटलं तर?" इथे एचआयव्ही निघाला तर व्हिसा मिळत नाही. पोराचा घास अडला होता.

आम्ही पडलो इंजिनिअर. पंप घ्यायचा तर कितीला पास हे चाचणीआधीच कागदावर लिहितो. रोगाच्या टेस्टलाही तशीच परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेची लेखी योजना म्हणजे प्रोटोकॉल. नमुने कोणाचे, किती, तुलना कोणत्या खात्रीच्या टेस्टशी, आणि पास होण्याची रेघ कुठे, हे सगळे आधी ठरते. तपासणाऱ्याला खरे उत्तर सांगायचे नाही. निकाल पाहून रेघ मारली तर ती परीक्षा कसली?

मंडळी, 2020 चा मार्च आठवा. पुण्याच्या मायलॅबमधल्या मीनल दाखवे-भोसले यांनी सहा आठवड्यांत करोनाचे किट तयार केले, 18 मार्चला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे सोपवले आणि लगोलग बाळंतपणाला गेल्या. एवढ्या घाईतही एकच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही उत्तरे सारखी हवीत, हा त्यांचा आग्रह होता. संस्थेच्या तपासणीत किटचे निकाल शंभर टक्के जुळले. उलट चीनहून आणलेल्या झटपट अँटिबॉडी किटचे निकाल राज्याराज्यांत इतके वेगळे आले की एप्रिलअखेर आयसीएमआरने ते परत करायला सांगितले.

आता भाच्याचा प्रश्न. "टेस्ट किती टक्के बरोबर?" एवढे विचारून भागत नाही. रोगी किती पकडते आणि निरोगी किती सोडते, हे दोन वेगळे आकडे. समजा हजारांत 10 रोगी आहेत आणि टेस्ट 95 टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. तरी 990 पैकी सुमारे 50 निरोगी 'पॉझिटिव्ह' निघतील. म्हणून पहिल्या पॉझिटिव्हवर शिक्का मारायचा नसतो, वेगळ्या टेस्टने खात्री करायची असते.

तिसऱ्या दिवशी भाच्याचा रिपोर्ट चांगला आला. तो शांत झाला तो रिपोर्टने, आमच्या हिशेबाने नव्हे! असो. पण कोणाच्या घरी उलटा रिपोर्ट आलाच, तर रडण्याआधी एवढे विचारा: खात्रीची दुसरी टेस्ट झाली का?