अजबखाना व आमची मुले

थंडी पडली की शाळांतून सहलीची वर्गणी गोळा होऊ लागते, आणि नेमकी त्याच वेळी शेतात कापसाची वेचणी भरात असते. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, म्हणजे आपले लोक ज्यास अजबखाना किंवा अजब बंगला म्हणतात त्याची, सहल ठरली की आम्ही यादी घेऊन घरोघर फिरतो. एका बापाने आम्हांस स्पष्टच विचारले, "गुरुजी, फुटके मडके पाह्यासाठी पैसे कायले पाह्यजे? आमच्या उकिरड्यावर का कमी आहेत?" आम्हांस हसू आले, पण घरी पोहोचेपर्यंत ते विरून गेले. कारण त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. ती मडकी त्याच्याच वाडवडिलांसारख्या हातांनी घडविलेली आहेत, आणि हे त्यास आजवर कोणी सांगितलेले नाही.

अजबखाना १८६३ साली निघाला. तेथे नेऊन आम्ही शिक्षक मुलांस काय दाखवितो? भुसा भरलेली जनावरे, तलवारी आणि राजेरजवाड्यांची नावे. आमचाच दोष सांगतो. एका वर्षी आम्ही सगळी दालने अर्ध्या तासात पळत पाहिली आणि उरलेला दिवस पाळण्यांच्या बागेत घालविला. मुलांनी वहीत पाळण्यांचे वर्णन लिहिले. त्यांना बोल कसा लावावा? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी (तो मुलूख आज मध्य प्रदेशात आहे) गुरे राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. तेथे खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यांतले काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसले, काही नागपूरच्या संग्रहालयाकडे राहिले. हजारो वर्षांचे हे धन प्रथम पाहिले ते कोण्या पंडिताने नव्हे, गुराख्याच्या पोरांनी! आमच्या मुलांनी अजबखान्यात पाऊल ठेवताच विचारावे, गुंगेरियाचे तांबे कोठे आहे?

लोखंडाची हकीकत तर याहूनही जवळची. यवतमाळहून वर्ध्यावरून नागपूरला जाताना बुटीबोरी लागते. तेथून जवळच टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाने दगडांची जुनी वर्तुळे उकरली. ती त्या काळच्या लोकांच्या मृतांची स्थाने. त्यांत मेलेल्या माणसासोबत लोखंडी वस्तू ठेविलेल्या होत्या. पुढे पेंच नदीकाठी नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, वळणदार विटांची, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसह. सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनी! आम्ही एकदा तिचे चित्र फळ्यावर काढले, तेव्हा मागच्या बाकावरचा लोहाराचा मुलगा, जो एरवी तोंड उघडीत नाही, उभा राहून म्हणाला, "ही तं माह्या आज्याच्या भात्याची नळी!" त्या दिवशी वर्गास शिकविणारा तो होता, आम्ही नव्हतो. फाळ, पास, विळा, कुऱ्हाड घडविणाऱ्याच्या विद्येस कोणी पोथीत जागा दिली नाही. मातीने मात्र ती जपून ठेविली.

म्हणूनच शेतकरी व कारागीर बंधूंना आमची विनंती आहे की, सहल म्हणजे पोरांची मौज असे समजून नाव खोडू नका. त्यातही मुलींचे नाव आधी खोडले जाते. मुलगा सहलीस जातो आणि त्याच वर्गातली त्याची बहीण कापूस वेचीत राहते, हा कोणता न्याय? दोन दिवसांची वेचणी बुडेल हे आम्हांस ठाऊक आहे. मजुरीचे दर आणि कापसाचा भाव दोन्ही आम्ही आमच्या घरी सोसले आहेत. पण मग दोघांनाही घरी ठेवा किंवा दोघांनाही पाठवा. खर्चाचे म्हणाल तर शाळेच्या सहलीस एस. टी. भाड्यात निम्मी सवलत मिळते. ज्यास तेवढेही जड जाईल त्याची वर्गणी गावाने जत्रेच्या शिलकेतून भरावी. जत्रेत एक रात्र कमी वाजले म्हणून देव रुसणार नाही.

आणि नागपूरच कशास? आपल्याच जिल्ह्यात, बाभुळगाव तालुक्यात पाचखेडला गावालगत पांढरीचे टेकाड आहे. २०२३-२४ साली नागपूर विद्यापीठाने तेथे खोदकाम केले. घराची जमीन, चूल, लाकडी खांबांच्या खुणा, मडकी, मणी, लोखंडी वस्तू निघाल्या. दिल्लीच्या प्रयोगशाळेत तपासणी होऊन वस्ती सुमारे तीन हजार वर्षांची ठरली. चूल, वाचकहो! सिंहासन नव्हे.

यंदा आमच्या शाळेची मुले आधी पाचखेडचे टेकाड पाहतील, मग नागपूरला जातील. जाण्यापूर्वी प्रत्येकाने घरातले एक जुने अवजार आणून त्याचे नाव, ते कोणी घडविले व कशास लागते, हे वहीत लिहावयाचे आहे. यादीत अजून सात मुलींची नावे यावयाची आहेत. त्यांच्या आईबापांकडे आम्ही येत्या रविवारी, वेचणी आटोपल्यावर दिवेलागणीस येत आहोत.